तुम्ही विचारलंत म्हणून: चुका दिसतात कशा?

हिशेब तपासायला बसले की कुणी ना कुणी विचारतंच, "तुम्हाला नेमकी चूकच कशी दिसते? एवढं बारीक पाहायचा कंटाळा येत नाही?" विचारणाऱ्याला वाटतं, काहींची नजरच तीक्ष्ण असते. मला ते पटत नाही. मी नजरेवर फारशी विसंबतच नाही.

आपलंच काम आपण पुन्हा वाचतो तेव्हा कागदावर काय आहे त्यापेक्षा काय असायला हवं होतं तेच दिसतं. म्हणून ज्या वाटेनं काम झालं, त्याच वाटेनं तपासायला जायचं नाही. बेरीज वरून खाली केली असेल तर ताळा खालून वर घ्यायचा. तेरीज, म्हणजे सगळ्या खात्यांच्या जमा आणि नावे बाजूंच्या बेरजा समोरासमोर मांडलेला तक्ता, जुळत नाही आणि फरक 63 चा आहे, असं समजा. मी सगळ्या नोंदी वाचत बसत नाही. आधी 63 ला 9 नं भागते. पूर्ण भाग गेला, म्हणजे शेजारचे दोन आकडे उलटे पडले असण्याचा संभव. भागाकार 7, म्हणजे त्या दोन आकड्यांतला फरक 7: 81 चे 18 झाले असतील, नाहीतर 92 चे 29. आता शोधायच्या नोंदी मोजक्याच उरतात. फरक सम असेल तर त्याच्या निम्मी रक्कमही शोधते, कारण जमेची नोंद नावे पडली की फरक दुप्पट होतो.

तेरीज जुळली की बाकीचे निर्धास्त होतात. माझं खरं काम तिथून पुढे सुरू होतं. दुरुस्तीचा खर्च यंत्राच्या किमतीत चढवला तरी बेरजा चोख जुळतात. नफा तेवढा फुगलेला दिसतो. तिथे बेरजा पाहून भागत नाही, मूळ बिल काढून वाचावंच लागतं.

नजरेवर विसंबल्यानं काय होतं, याचं एक उदाहरण मी कायम सांगते. 10 जून 1990 रोजी बर्मिंगहॅमहून स्पेनमधल्या मालागाला निघालेल्या विमानात वैमानिकासमोरची काच 17,300 फुटांवर उडून गेली. तो अर्धा बाहेर ओढला गेला. सहकाऱ्यांनी त्याला धरून ठेवलं, सहवैमानिकानं विमान उतरवलं, आणि सगळे वाचले. ती काच नुकतीच बदललेली होती. तिच्या 90 बोल्टांपैकी 84 बोल्ट सुमारे 0.66 मिलिमीटरनं बारीक होते, उरलेले सहा आखूड. बदलणारा माणूस नवखा नव्हता. त्यानं काढलेला बोल्ट हातात घेऊन, मंद उजेडात, त्याच्यासारखे दिसणारे बोल्ट निवडले. सुट्या भागांच्या यादीत क्रमांक पाहिला नाही. आणि ज्याच्याशी जुळवलं तो जुना बोल्टही मुळात आखूडच होता! दुसऱ्या कुणी हे काम तपासावं, असा नियमही त्या कामाला लागू नव्हता.

त्या माणसानं निष्काळजीपणा केला, एवढं म्हणून मोकळं होणं मला अन्यायाचं वाटतं. तो बघत होताच. फक्त त्याच्या बघण्याला बाहेरचा कुठलाच आधार नव्हता.

कंटाळ्याचं म्हणाल तर येतो. म्हणूनच सगळीकडे सारखं बारीक पाहत नाही. समासाची रुंदी आणि अक्षरांचा ठसा यांवर तासन्‌तास घालवणाऱ्यांना मी काटेकोर म्हणणार नाही. मी आधी विचारते, हा आकडा इथून पुढे कुठे जाणार? तो दहा ठिकाणी उतरवला जाणार असेल, किंवा त्यावरून कुणाचा पगार निघणार असेल, तर मला घाई चालत नाही. ज्याच्या खात्यात पैसे जायचे असतात, त्याला माझा कागद दिसत नसतो. तो माझ्या भरवशावर असतो. त्यामुळे बँकेचा खातेक्रमांक मी एकटीनं कधीच नक्की करत नाही. दुसऱ्याला मूळ कागदावरून मोठ्यानं वाचायला सांगते, एकदा सरळ आणि एकदा शेवटच्या आकड्याकडून, आणि मी माझ्या नोंदीवर बोट ठेवून ऐकते.