पिकअपला पिकअप नाही: नोंद ४, टाकीकडून उलटं

गाडी: २.५ लिटर, चार सिलिंडर, डायरेक्ट इंजेक्शन टर्बो डिझेल, रोटरी इंजेक्शन पंप (डिझेल दाबून नोजलना पोचवणारा; खाली नुसतं 'पंप' म्हटलं की हाच), बीएस-३ प्रदूषण मानक, मीटरवर २ लाख ३८ हजार. तक्रार तीच. रिकामी गाडी बरी चालते, पण ८०० किलो टाकले की घोडबंदर रस्त्यावरच्या गायमुखच्या चढणीवर तिसरा गिअर धरत नाही. वीस मिनिटं ओढली की आणखी दमते. बंद करून दहा मिनिटं उभी केली की थोडी सावरते.

मागच्या तीन नोंदींत झालेली कामं: एअर फिल्टर, डिझेल फिल्टर दोनदा, चारही नोजलची बेंचवर तपासणी, शेवटी टर्बोचं कार्ट्रिज (आतला फिरणारा भाग). फरक शून्य. कॉम्प्रेशन चारही सिलिंडरना २७ ते २९ बार, म्हणजे इंजिनाचं पोट ठीक आहे. क्लच स्लिप नाही, कारण आरपीएम आणि वेग एकत्रच पडतात.

चाचणी दर वेळी एकच: वाळूच्या ५० किलोच्या १६ गोण्या, रविवारी पहाटे, ठाण्याकडून गायमुख चढायचं. ट्रॅफिकमध्ये केलेली चाचणी ही चाचणीच नव्हे. सोबत सपाट रस्त्यावर तिसऱ्या गिअरमध्ये ताशी ४० ते ६० किमीचा वेळ आणि टर्बोनंतरच्या होजला टी लावून बूस्ट (टर्बोने हवेला दिलेला दाब) मोजणारं गेज. सुरुवातीचे आकडे: १९ सेकंद, बूस्ट ०.४ बार. या इंजिनाला फुल लोडवर ०.८ च्या आसपास हवं.

हा ०.४ चा आकडा बघूनच टर्बो उघडला गेला, आणि चूक तिथेच झाली. टर्बोला फिरवतो एक्झॉस्ट. डिझेल कमी जळलं की एक्झॉस्टमध्ये उष्णता कमी, टर्बो मंद, बूस्ट कमी. गेज खरं सांगत होतं, पण ते रोगाचं लक्षण होतं, रोग नव्हे. हवा कमी आणि डिझेल पुरेसं असतं तर मागे काळा धूर दिसला असता. इथे चढणीवर पाय पूर्ण दाबूनही आरशात काही नाही, अधूनमधून पांढुरकी झाक. धूर नाही आणि ताकदही नाही, तर आधी डिझेलची बाजू बघायची, टर्बोचे बोल्ट नंतर. (पीयूसी मात्र दर वेळी आरामात पास. ती चाचणी विनालोड रेस देऊन होते, उपाशी इंजिन तिथे गुणी बाळ दिसतं.)

पहिली तपासणी फुकटातली. एकाने केबिनमध्ये पेडल तळापर्यंत दाबायचं, दुसऱ्याने पंपाचा लिव्हर मॅक्स स्टॉपच्या स्क्रूला टेकतो का ते बघायचं. इथे ५ मिमी फट निघाली. पेडलखाली रबरी मॅट दुमडून बसली होती आणि केबलही ढिली. मॅट काढली, केबल ताणली, १९ चे १७ सेकंद झाले. पण चढणीवर दम तुटणं तसंच.

मग फिल्टर आणि पंप यांच्यामध्ये ८ मिमी आतल्या व्यासाची पारदर्शक नळी. ही फक्त चाचणीपुरती. साधी पीव्हीसी डिझेलमध्ये कडक होऊन तडकते. आयडलला नळी स्वच्छ, २,५०० आरपीएमला बारीक बुडबुड्यांची माळ. बाहेर कुठेही डिझेलचा ओलावा नाही, आणि तो दिसणारही नाही: ओढणाऱ्या बाजूची गळती डिझेल बाहेर टाकत नाही, हवा आत घेते. त्यामुळे खाली पुठ्ठा ठेवून थेंब शोधणाऱ्याला ती कधीच सापडत नाही. रोटरी पंपात आतल्या ट्रान्सफर दाबावर टायमिंग पुढे सरकतं. हवा आली की दाब पडतो, टायमिंग मागे राहतं. पांढुरकी झाक त्याचीच.

गळती टाकीच्या बाजूला की फिल्टरच्या, म्हणजे लिफ्ट पंपाच्या (टाकीतून डिझेल ओढून फिल्टरकडे ढकलणारा छोटा पंप) मागे की पुढे, हे ठरवायला कॅन चाचणी. ५ लिटरचा स्वच्छ कॅन बॉनेटजवळ, लिफ्ट पंपापेक्षा वर आणि एक्झॉस्टपासून लांब, घट्ट बांधायचा. लिफ्ट पंपाची इनलेट नळी टाकीकडून सोडवून कॅनमध्ये, आणि रिटर्नही (उरलेलं डिझेल परत आणणारी नळी) कॅनमध्येच. रिटर्न टाकीत राहिला तर कॅन बघता बघता रिकामा होतो आणि पंप कोरडा फिरतो. एअर काढून गाडी चढणीवर नेली. तिसरा गिअर शेवटपर्यंत. बूस्ट ०.७, सपाटीवर १३ सेकंद. म्हणजे लिफ्ट पंप, फिल्टर, इंजेक्शन पंप, नोजल, टर्बो सगळे एका फटक्यात सुटले. दोष लिफ्ट पंपाच्या मागे, टाकीपर्यंत.

टाकीचं झाकण ढिलं ठेवून आधीच बघितलं होतं, फरक नव्हता, म्हणजे व्हेंट बंद नाही. लिफ्ट पंपाच्या इनलेटला व्हॅक्यूम गेज लावलं तर लोडवर ८ इंच पारा. फिल्टर तर लिफ्ट पंपाच्या पुढे, मागे नुसती नळी असताना एवढा कशाला हवा?

टाकी दहा लिटरपर्यंत रिकामी करून पट्टे सोडले, खाली उतरवली, सक्शन युनिट (डिझेल ओढणारा पाइप, तळाला जाळी आणि वर टाकीला बसणारी फ्लँज) बाहेर काढलं. दोन गोष्टी सापडल्या, एकमेकींना साथ देणाऱ्या. तळाच्या जाळीवर काळपट बुळबुळीत थर. याला सगळे शेवाळ म्हणतात, पण ते जिवाणू आणि बुरशी, टाकीच्या तळातलं पाणी आणि डिझेल यांच्या सीमेवर वाढणारी. मुंबईच्या पावसाळ्यात अर्धी टाकी ठेवून गाडी उभी केली की दमट हवा आत येते, पाणी होऊन तळाला बसतं. गाडी ओढताना हा थर जाळीला चिकटायचा, बंद केली की गळून पडायचा. दहा मिनिटांच्या विश्रांतीचं कोडं इथे सुटलं. दुसरी गोष्ट, सक्शन पाइपला फ्लँजच्या किंचित खाली गंजून पडलेलं टाचणीएवढं भोक. जाळी तुंबली की पाइपातला व्हॅक्यूम वाढतो, तेवढी भोकातून हवा जास्त. टाकी काठोकाठ भरली की भोक डिझेलखाली जातं, मग दोन दिवस गाडी छान. 'पंपावरचं डिझेल चांगलं होतं' असं वाटायचं ते यामुळे.

पाइप ८ मिमी स्टीलचा नवा, फ्लँजला ब्रेझ करून घेतला. युनिट टाकीपासून लांब नेऊनच. टाकीजवळ टॉर्च नको, रिकाम्या टाकीजवळ तर मुळीच नको. तांब्याची नळी वाकवायला सोपी म्हणून बरेच जण तीच लावतात. तांबं आणि जस्त दोन्ही डिझेल खराब करतात, टाळा. रबरी होज मुंबईच्या नागदेवी बाजारातून, अंगावर एसएई जे३० आर७ (इंधनाच्या होजचं मानक) छापलेला बघून. क्लिप गोल, नट-बोल्टच्या. आट्यांच्या पट्टीवाल्या क्लिपच्या खाचा रबर कापतात. बँजोचे (नळीच्या टोकाच्या पोकळ बोल्टचे) वॉशर नवे. जुनेच लावायचे तर लालभडक तापवून पाण्यात बुडवायचे, तांबं परत मऊ होतं.

एअर काढण्याचा क्रम: फिल्टरचा स्क्रू ढिला, हँड प्रायमर बुडबुडे थांबेपर्यंत, मग पंपाचा ब्लीड स्क्रू, शेवटी दोन नोजलचे नट एक आटा ढिले करून १५ सेकंदांपर्यंत सेल्फ. नोजलच्या फवाऱ्याजवळ बोट नेऊ नका. त्या दाबाचं डिझेल कातडीत घुसतं, मग सरळ हॉस्पिटल.

टाकी जोडल्यावर: व्हॅक्यूम २ इंच, नळीत बुडबुडा नाही, बूस्ट ०.७, वेळ १३. राहिलेल्या ०.१ बारचं कारण बूस्ट कम्पेन्सेटरच्या (बूस्टप्रमाणे डिझेल वाढवणारा पंपाचा भाग) बारीक नळीत होतं. मॅनिफोल्डकडून पंपाच्या डायफ्रामवर दाब नेणारी ही नळी टोकाला तडकलेली, त्यामुळे पंप वाढीव डिझेल सोडतच नव्हता. नळी बदलली: ०.८ बार, १२ सेकंद.

एक गोष्ट मुद्दाम केली नाही, पंपाचा मॅक्स डिझेलचा स्क्रू फिरवणं. पंप दुरुस्त करणारे दोन मिनिटांत फिरवून देतात आणि गाडी ओढतेही. पण गळती दुरुस्त झाल्यावर तेच डिझेल जास्त होतं, एक्झॉस्ट तापतो, पिस्टनची डोकी जळतात. सील मोडलेला पंप आधीच मिळाला असेल तर बेंचवर डिलिव्हरी मोजल्याशिवाय पुढचा कुठलाच आकडा खरा मानू नका.

आता पीयूसीत ४८ एचएसयू (धुराच्या काळेपणाचं माप), बीएस-३ ची मर्यादा ६५. वॉटर सेपरेटरमधलं पाणी पावसाळाभर दर रविवारी काढायचं, टाकी पाऊणच्या खाली नाही. चाचणीनंतर चाकांना हात लावून बघितलं तर मागच्या डाव्या ब्रेकचा ड्रम इतर तीन चाकांपेक्षा गरम. पुढच्या रविवारी तो उघडायचा.