थंडीतल्या मुक्कामासाठी तंबू घेताना

इंदूरकरांना तंबू लागतो तो जानापाव, मांडू किंवा पचमढीच्या मुक्कामासाठी.

‘चार माणसांचा’ म्हणून विकतात तो तंबू माणशी जेमतेम ६० सेंटिमीटर धरून केलेला असतो. आईबाबा, दोन मुलं आणि सामान असेल तर सहा जणांचाच घ्या. त्याहून मोठा नको, अंगाच्या उबेने तो तापतच नाही.

खरा त्रास ओलीचा. चौघांच्या श्वासातली वाफ गार कापडावर जमते आणि पहाटे पांघरुणावर टपकते. म्हणून दुहेरी तंबू हवा: आत जाळीचं आणि हवा खेळू देणारं कापड, बाहेर पाणी अडवणारं आवरण, मध्ये चार बोटं अंतर. झरोके रात्रभर उघडेच ठेवा. आत शेगडी मुळीच नको. कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो, झोपेतच जीव जातो.

खालची ताडपत्री तंबूच्या बुडापेक्षा चारी बाजूंनी थोडी आत दुमडा. बाहेर राहिली तर आवरणावरून ओघळलेलं दव तिच्यावरून थेट तुमच्या खाली येतं. तंबूच्या आत अंथरुणाखाली फोमची चटई हवीच, कारण गारठा जमिनीतूनच जास्त चढतो.

दांडे अ‍ॅल्युमिनियमचे बरे, फायबरचे उभे चिरतात. माळव्याच्या सुकलेल्या काळ्या मातीत प्लास्टिकच्या खुंट्या मोडतात. लोखंडी, वीतभर लांब घ्या. कातळावर दोऱ्या दगडांना बांधा.