माजी सैनिकांसाठीची चढाई : आजच्या सरावानंतर

कृत्रिम पाय लावून चढणाऱ्या माजी सैनिकांची खरी कसोटी उतरताना लागते, हे आज पुन्हा दिसलं. घामाने लायनर (पायाच्या उरलेल्या भागावर चढवायचं मऊ आवरण) निसटतो, दिवसभरात पायाचा उरलेला भाग आक्रसतो, सॉकेट (कृत्रिम पायाची तो भाग बसवायची खोबण) सैल पडतं आणि कातडी सोलवटते. म्हणून ठरावीक वेळाने थांबून पाय काढायचा, लायनर कोरडा पुसायचा, लागलाच तर जादा मोजा चढवायचा. कातडीवरची लाली विश्रांतीनंतरही जात नसेल, तर पुढे जाऊ नये.

विरळ हवेचा त्रास टाळायला ३००० मीटरच्या वर मुक्कामाची उंची रोज ५०० मीटरपेक्षा जास्त वाढवायची नाही.

आणि कृपा करून या चढाईसाठीची देणगी शिखर गाठण्याच्या अटीवर मागू नका! हवा बिघडली तरी माणसं त्या दडपणाखाली वर जातात. चढलेल्या प्रत्येक मीटरमागे मागा. प्रवासखर्च स्वतःचा, देणग्यांचं खातं वेगळं, पावती प्रत्येकाला.