पुण्यात आयटीएसचा आराखडा करताना: माझा अनुभव

सिग्नलचा ताळमेळ, बस येण्याची वेळ, चलन करणारे कॅमेरे आणि महामार्गावरचे संदेशफलक आयटीएसच्या (इंटेलिजंट ट्रान्सपोर्ट सिस्टिम, म्हणजे संगणक आणि संपर्कयंत्रणेने चालणारी वाहतूक-व्यवस्था) एका आराखड्यात बसवायचे म्हटले की पुण्यात निदान दहा कार्यालयं टेबलाभोवती येतात. रस्ता महापालिकेचा, त्यावरचं नियमन वाहतूक पोलिसांचं, बस पीएमपीची, मेट्रो महामेट्रोची, हिंजवडी ते शिवाजीनगर ही मेट्रो मार्गिका पीएमआरडीएची (महानगर प्रदेश विकास प्राधिकरण). कात्रज-देहूरोड बाह्यवळण राष्ट्रीय महामार्ग प्राधिकरणाकडे, मुंबई-पुणे द्रुतगती मार्ग एमएसआरडीसीकडे (राज्य रस्ते विकास महामंडळ), काही रस्ते सार्वजनिक बांधकाम खात्याकडे. बोपोडीहून हॅरिस पुलावरून दापोडीत उतरलं की पुण्याची महापालिका संपून पिंपरी-चिंचवडची सुरू होते, आणि २०१८ पासून पोलीस आयुक्तालयही बदलतं. गाडी चालवणाऱ्याला यातलं काहीच दिसत नाही. त्याच्यासाठी तो एकच सलग रस्ता असतो, आणि आराखडाही तसाच सलग व्हायला हवा.

या कामातून माझं एक मत पक्कं झालं आहे. कोणती माहिती कोणी कोणाला किती सेकंदांत द्यायची, आणि दिवा बंद पडला तर कोणाचा माणूस शिडी घेऊन जायचा, हे निविदा निघण्याआधी लिहून त्यावर सह्या झाल्या पाहिजेत. यंत्रांची निवड त्यानंतर बरीच सोपी होते.

सुरुवात पाहणीने करायची, आणि ती कार्यालयानुसार न करता रस्त्यानुसार करायची. प्रत्येक चौकात कंट्रोलर (सिग्नल चालवणारं यंत्र) कोणत्या बनावटीचा, त्याची बाहेरच्या यंत्रणेशी बोलण्याची भाषा खुली की कंपनीची खासगी, केबलमध्ये मोकळ्या कोर (न वापरलेले तंतू) किती, डक्टमध्ये (केबलच्या जमिनीखालच्या नळीत) जागा शिल्लक आहे का, बॅटरी किती वेळ टिकते, देखभालीचा करार कधी संपतो, एवढं तर लिहायचंच. त्याशिवाय वीजमीटर कोणाच्या नावावर आहे तेही लिहायचं आणि महावितरणचा ग्राहक क्रमांक उतरवून घ्यायचा. हा रकाना बहुतेक नमुन्यांत नसतो. मीटर जुन्या ठेकेदाराच्या नावावर राहिलेला असेल, तर करार संपल्यावर बिल कोणी भरत नाही आणि चांगलं यंत्र विजेअभावी बंद पडतं. पाहणी एकदा गर्दीच्या वेळी आणि एकदा रात्री करावी. फांद्यांआड गेलेला दिवा आणि समोरच्या दुकानाच्या पाटीत हरवणारा लाल रंग रात्रीच कळतो.

यानंतर माहितीच्या देवघेवीचा तक्ता. अमेरिकेत २००१ साली केंद्रीय महामार्ग प्रशासनाने नियम ९४० आणला. केंद्राच्या महामार्ग निधीतून आयटीएस प्रकल्प करायचे, तर त्या प्रदेशाची एक सामाईक रचना हवी, अशी त्याची अट आहे. त्या रचनेत सहभागी संस्था, प्रत्येकीची जबाबदारी, संस्थांमधले करार आणि माहितीचे प्रवाह लिहावे लागतात. हीच यादी पुण्यातही जशीच्या तशी कामाला येते. आपल्याकडे आयआरसीची (इंडियन रोड्स काँग्रेस) एसपी:११०-२०१७ ही शहरी रस्त्यांवरच्या आयटीएसची मार्गदर्शिका आहे, ती सोबत ठेवावी. तक्त्याची एक ओळ अशी: बसचं स्थान, देणार पीएमपी, घेणार दोन्ही महापालिकांचे नियंत्रण कक्ष, दर १० सेकंदांनी, जीटीएफएस-रिअलटाइम (बसची ताजी माहिती देण्याच्या खुल्या) स्वरूपात, प्रवाह तुटल्यास अमुक पदावरच्या अधिकाऱ्याला कळवायचं. अशा ओळी भरताना खरे मतभेद वर येतात. ते बैठकीतच वर आलेले बरे.

सगळ्यात जास्त ओढाताण कॅमेऱ्याच्या चित्रणावर होते, कारण प्रत्येकाला सगळ्यांचं चित्रण हवं असतं. इथे मी आकडे समोर ठेवतो. एका कॅमेऱ्याचा प्रवाह ४ मेगाबिट प्रति सेकंद धरला तर दिवसाला साधारण ४३ जीबी होतात. चार कॅमेऱ्यांचा एक चौक महिन्याला ५ टीबीच्या पुढे जातो. हे तीन ठिकाणी साठवायचं तर खर्च तिप्पट, आणि बाहेर फुटलेल्या चित्रणाची जबाबदारी नेमकी कोणाची हेही सांगता येत नाही. चित्रण एका जागी ठेवावं आणि बाकीच्यांना घटना कळवावी: कुठे, काय, किती वाजता, कोणती मार्गिका बंद. पोलिसांना तपासासाठी चित्रण लागलं तर मागण्याची पद्धत ठरलेली असावी.

सिग्नलच्या ताळमेळात हद्दीचा प्रश्न थेट गणितात उतरतो. दोन चौकांत ५०० मीटर अंतर आणि वेग ताशी ३० किलोमीटर असेल तर पुढचा हिरवा ६० सेकंदांनी लागायला हवा. पण हद्दीच्या अलीकडच्या चौकाचं चक्र (एका हिरव्यापासून पुढच्या हिरव्यापर्यंतचा वेळ) १२० सेकंदांचं आणि पलीकडचं ९० चं असेल, तर दोन्ही चक्रं दर ३६० सेकंदांनी एकदाच जुळतात. मधल्या काळात गाड्या लालवर येऊन थांबतात, आणि दोन्हीकडचे अभियंते आपापला चौक बरोबर चालल्याचं सांगतात, तेही खरंच असतं. म्हणून दोन महापालिकांमधला पहिला लेखी ठराव एका रस्त्यावर एकच चक्र, किंवा एकाचं नेमकं निम्मं, असा असावा. दुसरा ठराव घड्याळाचा. सगळ्या कंट्रोलरांनी एकाच स्रोताकडून वेळ घ्यायची, आणि संपर्क तुटला तर जीपीएसवरून. घड्याळ २० सेकंदांनी सरकलं तरी त्या ६० सेकंदांतला तिसरा हिस्सा गेला.

चक्र लहान करण्याचा आग्रह झाला की पादचाऱ्यांच्या वेळेवर गदा येते, तिथे ठाम राहायचं. २१ मीटर रुंद रस्ता सेकंदाला १.२ मीटर वेगाने ओलांडायला साडेसतरा सेकंद लागतात, पाऊल उचलेपर्यंतचा वेळ वेगळा. म्हातारी माणसं सावकाश चालतात, त्यांच्यासाठी १ मीटरच धरावा. पिवळा ३ सेकंद आणि सगळीकडे लाल २ सेकंद, यांतून एक सेकंदही कोणाला उसना द्यायचा नाही.

वाहनं मोजण्यासाठी डांबरात पुरलेल्या तारांची वेटोळी आपल्याकडे टिकत नाहीत. रस्त्याचा नवा थर टाकण्याआधी यंत्राने वरचा थर खरवडला की ती तुटतात, आणि मार्गिका सोडून चालणाऱ्या दुचाकी त्यांना नीट मोजता येत नाहीत. खांबावरचा कॅमेरा बरा, पण पाऊस, सकाळ-संध्याकाळचं समोरून येणारं ऊन आणि वाढलेली फांदी यांनी त्याची मोजणी चुकते. फांद्या छाटायला उद्यान विभाग लागतो, म्हणजे तक्त्यात आणखी एक ओळ. मोजणी संशयास्पद झाली की कंट्रोलरने आपोआप ठरलेल्या वेळापत्रकावर जावं, ही अट निविदेत हवीच.

बसच्या बाबतीत बहुतेकांना वाटतं की एआयएस-१४० (वाहनांचं स्थान कळवणाऱ्या यंत्रांचं भारतीय मानक) प्रमाणित जीपीएस यंत्र बसवलं की थांब्यावर वेळ दिसू लागेल. ते यंत्र गाडी कुठे आहे तेवढं सांगतं. ती गाडी आज कोणत्या मार्गावर आहे, हे आगारातल्या ड्यूटीवरून ठरतं. कोणत्याही शहरात सकाळी एखादी बस बिघडते, तिच्या जागी दुसरी जाते आणि बदल कागदावरच राहतो. मग फलकावर न येणारी बस दिसते आणि येणारी दिसत नाही. यावर उपाय एकच: वाहक तिकीट यंत्रात लॉगिन करताना गाडीचा क्रमांक आणि ड्यूटी जोडली जावी, ती जोडल्याशिवाय यंत्र सुरूच होऊ नये. हे जमत नाही तोवर सिग्नलला बस-प्राधान्य देऊ नये. नाहीतर आगारात परतणाऱ्या रिकाम्या बससाठीही हिरवा दहा सेकंद लांबतो. थांब्यांचे क्रमांकही दोन्ही महापालिका, पीएमपी आणि मेट्रो स्थानकांसाठी एकच असावेत. वरवर क्षुल्लक वाटणारं हे काम महिनोन्‌महिने चालतं.

चलनाच्या कॅमेऱ्यांचं कायदेशीर अंग वेगळं आहे. मोटार वाहन कायद्याचं कलम १३६ अ आणि केंद्रीय मोटार वाहन नियमांतला २०२१ चा नियम १६७ अ यांनुसार यंत्राला मान्यता प्रमाणपत्र लागतं, त्याचं दरवर्षी नूतनीकरण करावं लागतं, कॅमेरा असल्याची सूचना देणारा फलक लावावा लागतो, गुन्ह्याची नोटीस १५ दिवसांत पाठवावी लागते आणि चलनाचा निकाल लागेपर्यंत नोंद जपावी लागते. कॅमेरा एका कार्यालयाच्या मालकीचा आणि चलन दुसऱ्याचं, अशी स्थिती असली की प्रमाणपत्र संपल्याचं कोणाच्याच लक्षात येत नाही, आणि त्यानंतरची सगळी चलनं आव्हानाला उघडी पडतात. नूतनीकरण कोणी करायचं, पैसे कोणी भरायचे आणि तारीख टळली तर यंत्र आपोआप चलन थांबवेल, या तीन गोष्टी करारात असाव्यात. चलनाची आणि ताळमेळाची यंत्रणा एकाच निविदेत घालू नये, असं माझं स्पष्ट मत आहे. एकीच्या वादात दुसरी अडकते.

बाह्यवळण आणि शहर यांतला दुवा मला सगळ्यात मोलाचा वाटतो. कात्रजच्या नव्या बोगद्याकडून नवले पुलाकडे येणाऱ्या उतारावर अपघात झाला की भार सिंहगड रस्त्यावर आणि वारज्याकडे येतो. महामार्गाच्या गस्तीपथकाला कळल्यापासून शहरातल्या फलकावर संदेश लागेपर्यंत पाच मिनिटं हे उद्दिष्ट ठेवता येतं. मात्र त्यासाठी मजकूर आधीच मंजूर असावा लागतो. प्रत्येक संदेशासाठी वरिष्ठांची परवानगी घ्यायची ठरलं, तर संदेश लागेपर्यंत रांग वडगाव पुलाच्याही पुढे गेलेली असते.

पैशांबाबत दोन गोष्टी. खरेदीला अनुदान मिळतं, देखभालीला मिळत नाही. पाच वर्षांच्या देखभालीचं दायित्व महापालिकेला महापालिका अधिनियमाच्या कलम ७२ ब खाली मान्य करून घ्यावं लागतं, ते प्रस्तावाच्या पहिल्याच मसुद्यात घालावं. दुसरी गोष्ट, चालू राहण्याची टक्केवारी. महिन्याला ९८ टक्के म्हणजे सुमारे १४ तास बंद चालतं. ही सरासरी १०० चौकांवर मिळून काढली, तर एक चौक पूर्ण महिना अंधारात असूनही ठेकेदाराचे ९९ टक्के भरतात आणि दंड शून्य. टक्केवारी चौकानुसार काढावी आणि सकाळ-संध्याकाळच्या गर्दीच्या तासांची वेगळी.

कराराच्या मसुद्यात व्यक्तींची नावं न घालता पदं लिहावीत, कारण बदल्या होत राहतात. सिग्नलची वेळ बदलण्याचा अधिकार कोणाला, चौकातल्या हवालदाराने हाताने सिग्नल चालवला तर त्याची नोंद कक्षात कशी पोचेल, खोदाईत केबल तुटली तर किती तासांत कोणी जोडायची, हे त्यात असावं. पावसाळ्याच्या तोंडावर खोदाई बंद होते, म्हणून डक्टची परवानगी दिवाळीनंतर लगेच मागावी. ठेका संपताना संकेतशब्द, कंट्रोलरच्या मांडणीच्या फायली आणि सुटे भाग ताब्यात मिळाल्याशिवाय शेवटचा हप्ता देऊ नये. एकाहून अधिक संस्थांचे हे करार पुम्टाच्या (पुण्याचं एकीकृत महानगर परिवहन प्राधिकरण) पटलावर ठेवले तर त्यांना आधार मिळतो.

विसर्जन मिरवणुकीच्या लक्ष्मी, टिळक, केळकर आणि कुमठेकर रस्त्यांवर साडेपाच मीटरची मोकळी उंचीही उंच देखाव्यांना पुरेलच असं नाही. तिथे रस्त्यावर येणारी खांबाची आडवी भुजा फिरवून बाजूला घेता यायला हवी, आणि ती फिरवायला माणूस कोणाचा, हेही तक्त्यात असावं. पालखी सोहळा आणि गणेशोत्सव यांच्यासाठी सिग्नलचे वेगळे आराखडे कंट्रोलरमध्ये आधीच भरून ठेवता येतात.

यंत्रणा ताब्यात घेण्याची चाचणी दोन कक्षांना जोडून घ्यावी. खोटी घटना एका कक्षात नोंदवायची आणि दुसऱ्या कक्षात ती किती सेकंदांत उमटली, फलकावर काय आलं, कोणी फोन उचलला, ते लिहायचं. मग संपर्काची केबल मुद्दाम काढून तीच चाचणी पुन्हा. हे रात्रपाळीतही करावं, कारण करारात लिहिलेल्या पदावरचा माणूस त्या वेळी घरी असतो आणि कक्षातल्या ऑपरेटरकडे त्याचा क्रमांक असेलच याची खात्री नसते.