उंबरा न ओलांडणाऱ्या मांजरीचे घर

पेठेतली मांजर म्हटली की ती दिवसभर कौलांवरून हिंडणार, जेवणाच्या वेळी परसदारी येऊन ओरडणार आणि रात्री कोणाच्या तरी माळ्यावर झोपणार, असे आपण धरूनच चालतो. त्यामुळे दार सताड उघडे असूनही जी आतच बसून राहते, तिच्याविषयी शेजारपाजारच्यांना काळजी वाटते. कोल्हापूरच्या शुक्रवार पेठेतल्या आमच्या घरी सोनी नावाची भाटी आहे आणि "कोंडून घातलंय काय हो बिचारीला?" हा प्रश्न घरी येणाऱ्या बहुतेकांनी विचारलेला आहे. तिला कोणी कोंडलेले नाही. सकाळी दार उघडले की ती उंबऱ्यापाशी येते, मान उंचावून बाहेरची हवा हुंगते, मिशा पुढे काढते आणि गल्लीतून एखादी रिक्षा गेली की वळून स्वयंपाकघरात जाते. घरात राहणे हे तिने स्वतः ठरवलेले आहे आणि तिच्या या ठरवण्याचा मान राखावा, असे मला मनापासून वाटते. मात्र तो राखायचा तर आपल्यावर एक जबाबदारी येते: हिंडत्या मांजराला गल्ली जे जे आपसूक देते, ते सारे या मांजराला घरातच मिळाले पाहिजे.

काही मांजरांना बाहेरची ओढ का नसते, याची कारणे बरीचशी त्यांच्या बालपणात असतात. पिल्लाच्या वयाच्या साधारण दुसऱ्या ते सातव्या आठवड्यात जे आवाज, वास आणि माणसे त्याच्या ओळखीची होतात, ती त्याला पुढे आयुष्यभर सोपी जातात. या काळात ज्याने फक्त घर पाहिले, त्याला रस्ता परका वाटतो. स्वभाव जन्मानेही येतो. धीट बोक्याची पिल्ले, त्यांनी बापाला कधी पाहिलेले नसले तरी, बुजऱ्या बोक्याच्या पिल्लांपेक्षा धीट निघतात, असे अभ्यासकांना आढळलेले आहे. शिवाय मांजर शिकारी असले तरी आकाराने लहान असल्यामुळे स्वतःही कोणाचे तरी भक्ष्य होऊ शकते, आणि गल्लीतल्या कुत्र्यांच्या टोळ्या पाहता आमच्या सोनीचा हिशेब चुकीचा आहे असे मला मुळीच म्हणता येत नाही.

इथे एक गोष्ट मात्र ठासून सांगायला हवी. जी मांजर पहिल्यापासून घरकोंबडी आहे तिची गोष्ट वेगळी आणि जी वर्षानुवर्षे हिंडत होती व अचानक बाहेर पडेनाशी झाली तिची वेगळी. दुसऱ्या मांजरीला जनावरांच्या डॉक्टरांकडे न्यावे. म्हाताऱ्या मांजरांत सांधेदुखी फार आढळते आणि दुखणे लपवणे हा मांजराचा स्वभावच असल्याने ती लंगडत नाही, फक्त उड्या मारणे कमी करते. दृष्टी मंदावलेली असू शकते, दात दुखत असू शकतो, किंवा परसदारी एखादा दांडगा बोका ठाण मांडून बसलेला असू शकतो. "वय झालं, आता निवांत झाली" असे म्हणून आपण जे सोडून देतो, त्यातले पुष्कळसे उपचाराने बरे होण्यासारखे असते.

निवांत दिसणारी मांजर समाधानी असेलच असे धरून चालू नये, हे घरात राहणाऱ्या मांजरीच्या बाबतीत सर्वांत महत्त्वाचे आहे. मांजर दिवसाचे बारा ते सोळा तास झोपते, त्यामुळे कंटाळलेली मांजर आणि तृप्त मांजर दुरून सारख्याच दिसतात. जवळून पाहिले की फरक कळतो. तृप्त मांजर खोलीच्या मधोमध कुशीवर पसरते, शेपटी उभी धरून सामोरी येते, आपल्याकडे पाहून डोळे हळू मिटते आणि उघडते. कंटाळलेली किंवा धास्तावलेली मांजर पोट आणि मांड्या चाटून चाटून तिथले केस घालवते, वाटीपाशीच बसून राहते, पायांवर झडप घालते किंवा पलंगाखालून बाहेरच येत नाही. ओहायो स्टेट विद्यापीठातील पशुवैद्यक टोनी बफिंग्टन यांनी मांजरांच्या मूत्राशयाच्या दुखण्यावर अनेक वर्षे काम केले. ज्या मांजरांना जंतुसंसर्ग नसतानाही पुन्हा पुन्हा लघवीचा त्रास होतो, त्यांच्या भोवतीचे घर सुधारले की तो त्रास कमी होतो, हे त्यांच्या कामातून पुढे आले. घरातला ताण मांजरीच्या शरीरात उतरतो याचा याहून स्पष्ट पुरावा मला माहीत नाही.

तेव्हा घर सुधारायचे म्हणजे काय करायचे? माझ्या मते सुरुवात शिकारीपासून करावी, कारण गल्लीतून सर्वांत मोठी मिळणारी गोष्ट तीच आहे. बाहेरचे मांजर दिवसातून अनेकदा लहान लहान शिकार करते आणि प्रत्येक वेळी दबा धरणे, टक लावणे, झेप घेणे, पकडणे आणि खाणे हा सगळा क्रम पूर्ण होतो. घरातल्या मांजरीला भरलेली वाटी मिळते, म्हणजे या क्रमातली शेवटची पायरी तेवढी मिळते. आमच्या घरी पहाटे आणि दिवेलागणीला, म्हणजे मांजर निसर्गतः सर्वाधिक चपळ असते त्या दोन वेळांना, सुतळीच्या टोकाला कोंबडीचे पीस बांधून खेळ होतो. पीस तिच्या तोंडापुढे नाचवायचे नसते. ते तिच्यापासून दूर, कपाटाच्या कडेने सरपटत न्यावे आणि कोपऱ्यामागे अर्धे दिसेनासे करावे. तेव्हा सोनी पोट जमिनीला टेकवते, बाहुल्या काळ्याभोर होतात, मागचे पाय जागच्या जागी डावे-उजवे हलू लागतात आणि मग ती सुटते. अधूनमधून तिला पीस पकडू द्यावे, मनसोक्त चावू द्यावे आणि खेळ संपताच खायला घालावे, म्हणजे क्रम पुरा होतो आणि ती अंग चाटून झोपी जाते. लेसरच्या ठिपक्यामागे धावायला लावण्याच्या मी विरोधात आहे, कारण त्यात पकडण्याजोगे काहीच नसते. खेळ संपल्यावर सुतळी न चुकता कपाटात ठेवावी. गिळलेला दोरा आतडी ओढून धरतो आणि पुष्कळदा शस्त्रक्रियेचीच वेळ येते.

कोरडे खाद्य वाटीत न ओतता अंड्यांच्या पुठ्ठ्याच्या ट्रेमधल्या खळग्यांत टाकले, तर प्रत्येक दाणा पंजाने काढून खाण्यात तिचा चांगला वेळ जातो. भिंतीवरची पाल ही आपल्याकडच्या घरातली खरीखुरी शिकार. पाल दिसली की सोनीचा खालचा जबडा थरथरतो आणि तोंडातून कटकट असा बारीक आवाज येतो. तिने पाहत बसावे, पण खाऊ नये, याची मी काळजी घेते. उष्ण प्रदेशांत पालींमधून यकृतातला एक चपटा कृमी मांजरांच्या पोटात जातो.

खाण्याचा विषय निघालाच आहे तर आपल्या गावाच्या दोन सवयींबद्दल बोलणे भाग आहे. गंगावेशीत कट्ट्यावर समोर काढलेले म्हशीचे दूध पिणारे आपण, मांजरीपुढे दुधाची वाटी ठेवणे हे आपल्याला प्रेमाचेच वाटते. परंतु मोठ्या झालेल्या बहुतेक मांजरांना दुधातली साखर पचत नाही, आणि दुधात कुस्करलेल्या चपातीवर तर मांजर जगूच शकत नाही. तिला टॉरिन नावाचा घटक मांसातूनच मिळवावा लागतो; तो कमी पडला की डोळ्यांचा पडदा खराब होतो आणि हृदय कमकुवत होते. हृदयविकाराचा हा संबंध १९८७ साली उघड झाला आणि त्यानंतर मांजरांच्या तयार खाद्यातले टॉरिनचे प्रमाण वाढवण्यात आले. दुसरी सवय रश्शातला मटणाचा तुकडा देण्याची. तांबड्या रश्शातला कांदा आणि लसूण मांजरीच्या रक्तातल्या लाल पेशी फोडतात, म्हणून तिचा तुकडा मसाला लावण्याआधी बाजूला काढून साध्या पाण्यात शिजवावा. पाण्याची भांडी खाण्यापासून दूर, दोन-तीन ठिकाणी ठेवावीत. पाळीव मांजराचे पूर्वज कोरड्या प्रदेशातले रानमांजर असल्याने त्याला तहान कमी लागते, आणि त्यामुळेच ओलसर खाद्य त्याला हितकारक ठरते.

वाळूच्या ट्रेबद्दल थोडक्यात सांगते. जितकी मांजरे त्याहून एक ट्रे जास्त, खाण्याच्या जागेपासून दूर, रोज साफ केलेले आणि सुगंध नसलेले. पावसाळ्यात नदीची वाळू सुकत नाही आणि ओल्या वाळूत मांजर पाय घालत नाही, म्हणून त्या महिन्यांत विकतची वाळू वापरावी. बोका ट्रेमध्ये वारंवार बसतो, कुंथतो आणि थेंबही येत नाही, असे दिसले तर बद्धकोष्ठ समजून वाट पाहू नये. मूत्रमार्ग तुंबला असेल तर एक-दोन दिवसांत त्याचा जीव जाऊ शकतो. त्याच क्षणी दवाखाना गाठावा.

घराचे क्षेत्रफळ वाढवता येत नाही, उंची मात्र वापरता येते. फडताळाच्या वर जुनी गोधडी, तिथपर्यंत जायला मधे एक फळी आणि रस्त्याकडच्या खिडकीत रुंद बैठक एवढे केले की मांजरीचे घर दुप्पट होते. खिडकीला आणि गॅलरीला धातूची जाळी असावी, कारण कबुतरांसाठी लावतात ती नायलॉनची जाळी दातांनी कुरतडली जाते. नखांसाठी काथ्याचा दोर गुंडाळलेला खांब ठेवावा. तो डगमगता कामा नये आणि मांजर मागच्या पायांवर उभी राहून पुरती ताणली जाईल इतका उंच असावा. खांब अडगळीत ठेवून उपयोग नाही, कारण नखे मारणे ही जागेवर आपली खूण ठेवण्याची रीत आहे आणि खूण लोकांत राहायची असते. परसात किंवा कुंड्यांत आपोआप उगवणारी खोकली उपटून तिचे ताजे मूळ सोनीपुढे टाकले, की ती त्यावर गाल घासते, लोळते, पंजांत धरून लाथा मारते. परदेशात मांजरांना भुलवणाऱ्या कॅटनिप या वनस्पतीचे जे कौतुक आहे, ते आपल्याकडे या रानटी रोपाचे व्हायला हवे.

वासाचे जग आपण फार हलक्यात घेतो. मांजर गाल आणि कपाळ घासून घरभर आपला वास लावून ठेवते आणि त्या वासातच तिला सुरक्षित वाटते. आपण मात्र रोज सकाळी फिनेलने फरशी पुसून तो घालवतो. फिनेलचा प्रश्न केवळ वासाचा नाही. फिनॉलसारखी द्रव्ये निकामी करण्याची यंत्रणा मांजराच्या यकृतात फार दुबळी असते, आणि ओल्या फरशीवरून चालून पंजे चाटले की ते द्रव्य थेट पोटात जाते. याच कारणाने माणसाची पॅरासिटामॉलची एक गोळीसुद्धा तिचा जीव घेऊ शकते. कुत्र्यांच्या गोचिडांसाठी मिळणारे परमेथ्रीनचे औषधही मांजरीला कधीही लावू नये. समारंभातून आलेल्या पुष्पगुच्छात मोठ्या पाकळ्यांच्या लिली असतील तर तो घरात आणूच नये. अंगावर पडलेले त्यांचे पराग चाटले तरी मूत्रपिंडे निकामी होऊ शकतात.

गणपती विसर्जनाच्या रात्री महाद्वार रोडवरचे साउंड सिस्टीम आमच्या खिडक्यांच्या काचा हादरवतात. माणसाच्या कितीतरी पट तीक्ष्ण कानांना ते कसे लागत असेल, या विचाराने मला दरवर्षी वाईट वाटते. त्या दिवशी आतल्या खोलीत दोन तोंडे असलेले पुठ्ठ्याचे खोके ठेवते आणि ती लपली की तिला कोणीही बाहेर ओढायचे नाही, असा घरात नियम आहे. नेदरलँड्समधील एका प्राणी-निवाऱ्यातला अभ्यास २०१४ साली प्रसिद्ध झाला. त्यात ज्या नव्या मांजरांना लपायला खोके दिले होते, ती इतरांपेक्षा लवकर रुळली. लपायला मिळाले की मांजर स्वतःला सावरते.

कधीच बाहेर न पडणाऱ्या मांजरीलाही लस टोचून घ्यायला डॉक्टरांकडे जावे लागते, कारण पॅनल्यूकोपेनिया या मांजरांच्या जीवघेण्या रोगाचा विषाणू आपल्या चपलांना चिकटून घरात येतो आणि रेबीजचा धोका आपल्या देशात कायम आहे. आणि आमच्या भागात आणखी एका प्रसंगाची तयारी ठेवावी लागते. ऑगस्ट २०१९ आणि जुलै २०२१ मध्ये पंचगंगा जशी शहरात शिरली, तशी ती पुन्हा शिरली तर घर सोडावे लागेल, आणि उंबऱ्याबाहेर पाऊल न टाकणाऱ्या मांजरीला ऐनवेळी टोपलीत कोंबणे माणसाला आणि तिला दोघांनाही जखमी करते. म्हणून तिची प्रवासाची टोपली आमच्याकडे बाराही महिने खोलीत उघडी असते, तिचा खाऊ अधूनमधून त्यात ठेवला जातो आणि दुपारची झोप ती पुष्कळदा तिथेच घेते. पंचगंगेवरच्या राजाराम बंधाऱ्याची इशारा पातळी ३९ फूट आणि धोका पातळी ४३ फूट. पाणी इशाऱ्याच्या जवळ पोहोचल्याची बातमी आली की टोपलीशेजारी एका घट्ट झाकणाच्या डब्यात कोरडे खाद्य, थोडी वाळू आणि लसीकरणाचे कार्ड भरून ठेवते. टोपलीतली गोधडी मात्र पावसाळ्याच्या तोंडाशी मी मुद्दाम धूत नाही, कारण परक्या घरी गेल्यावर तिच्या ओळखीचा वास तेवढ्याच एका कापडाला असणार आहे.