दुपारचा पडदा

जेवून आडवा झालो, तर आई आली आणि खिडकीचा पडदा सर्रकन ओढून गेली. "डोळ्यांवर ऊन घेऊन कसली झोपतायत माणसं!" मग झोप उडालीच. आठवलं ते रत्नागिरीचं लाइटहाऊस.

सुट्टीत मिऱ्याला मामाकडे गेलो की एकदा तरी भगवती किल्ला व्हायचा. एकदा भर दुपारीच पोचलो. वर काचेच्या खोलीत बघतो तर चहूकडून पडदे ओढलेले. मी हिरमुसलो. रात्रभर समुद्रावर मिरवणारा दिवा आणि दिवसा चक्क पांघरूण घेऊन? तिथले काका म्हणाले, "निजलाय तो. हळू बोल." मी खरंच हळू बोललो. खरं कारण मामाने उतरताना सांगितलं: भिंग आतला उजेड बाहेर फेकतं, तसं बाहेरचं ऊनही आत गोळा करतं. पडदा विसरलात तर बत्तीच जळायची. फ्रेनेल नावाच्या फ्रेंच माणसाने १८२३ साली असलं कड्याकड्यांचं भिंग पहिल्यांदा दीपगृहात बसवलं म्हणे. मला 'निजलाय'च जास्त पटलं होतं.

रात्री खळ्यात पडून दोन झोतांमधले आकडे मोजायचे. माझे नऊ, मावसभावाचे अकरा. त्यावरून मारामारी. आजोबा आतून ओरडायचे, "मेल्यांनो, दिवा एकच आहे, घाई तुमची!"

आपल्याकडे किल्ला म्हटला की छाती फुगते, दिव्याचं मात्र कुणाला काही नाही. खांदेरीचंच बघा. १६७९ ची आरमारी लढाई पोरंसुद्धा सांगतील. २०२५ मध्ये जागतिक वारशात नाव लागलं तेही किल्ल्याचं. तिथे १८६७ पासून जळणारा दिवा आपला त्याच्या पाठुंगळी बसलेला. असो, माझं हे नेहमीचं रडगाणं आहे, घरचे आता ऐकत नाहीत.

हल्ली बऱ्याच ठिकाणी एलईडीचे आटोपशीर दिवे आलेत. ते भलंमोठं भिंगच नाही, तर पडदा कसला! म्हणजे दुपारची झोपही गेली.

आईच्या पडद्याने खोलीत बऱ्यापैकी अंधार झाला होता. कोपऱ्यात इन्व्हर्टरचा हिरवा दिवा लुकलुकत होता. मोजला. तीन आले. परत मोजला, तर चार.