संमतीपत्र, पाचव्यांदा

नाशिकला बीडीएस केलं, मग अमेरिकेत अलाबामात एमपीएच, म्हणजे सार्वजनिक आरोग्यातलं पदव्युत्तर शिक्षण, आणि तिथल्याच एका विद्यापीठाच्या आरोग्य-विषमता संशोधन केंद्रात रिसर्च कोऑर्डिनेटर म्हणून लागले. पहिलंच काम होतं कृष्णवर्णीय वस्तीतल्या रक्तदाबाच्या अभ्यासाचं संमतीपत्र लिहून ते आयआरबीकडून, म्हणजे नीतिमत्ता समितीकडून मंजूर करून घेणं. मी तीन आठवडे धरले होते. साडेचार महिने लागले.

पहिल्यांदा परत आलं ते भाषेपायी. आठवीतल्या मुलाला कळेल असं लिहा, म्हणे. या समितीत निदान एक सदस्य विज्ञानाबाहेरचा आणि एक संस्थेबाहेरचा लागतो. माझ्या वाक्यांवर पेन्सिल फिरवली ती अशाच कुणीतरी असणार. दुसऱ्यांदा अडलं सहभागींना द्यायच्या गिफ्ट कार्डावर. मी ते ‘फायदे’ या मथळ्याखाली टाकलं होतं. वेळेचा मोबदला हा अभ्यासाचा फायदा नव्हे, वेगळा लिहा. चिडले, पण पटलं.

तिसऱ्या वेळी मात्र समितीच्या आधी आमच्या केंद्रातल्याच एका बाईंनी कागद थांबवला. केंद्रात डॉक्टर, संख्याशास्त्रज्ञ, नकाशे करणारे असे सगळे होते. या बाई कम्युनिटी हेल्थ वर्कर. आपल्याकडच्या आशाताईंसारख्या, त्याच वस्तीत वाढलेल्या. पीएचडी नाही, पण त्यांनी मान हलवल्याशिवाय कुणी वस्तीत पाऊल टाकत नसे. त्यांनी ‘मोफत तपासणी व उपचार’ या शब्दांवर बोट ठेवलं.

“मुली, हे शब्द इथे आधी वापरून झालेत.”

टस्कीगी मी अभ्यासक्रमात वाचलं होतं. 1932 ते 1972, अमेरिकी सरकारी आरोग्यसेवेचा अभ्यास, अलाबामातल्याच मेकन काउंटीतले 600 कृष्णवर्णीय पुरुष, त्यांतल्या 399 जणांना सिफिलिस. ‘दूषित रक्तावर’ इलाज चाललाय असं सांगत राहिले आणि पेनिसिलिन मिळू लागल्यावरही दिलं नाही. नुसत्या तपासणीसाठी पाठीतून पाणी काढायला बोलावलं त्या पत्रात तो ‘खास मोफत उपचार’ होता, हे मात्र माझ्या डोक्यातून निसटलं होतं. त्या प्रकरणानंतरच 1974चा कायदा आला आणि आयआरबी सक्तीची झाली. म्हणजे ज्या समितीवर मी दोन महिने दात खात होते, ती या जिल्ह्यांतल्या माणसांमुळे होती.

शब्द काढले. चौथी आवृत्ती मंजूर झाली.

पहिल्या रविवारी चर्च सुटल्यावर टेबल मांडलं. एकानेही सही केली नाही. बाई निवांत, कुणाच्या सुनेची, कुणाच्या गुडघ्याची चौकशी करत बसल्या. एका आजोबांनी कागद घडी घालून खिशात टाकला, “घरी वाचतो” म्हणाले. मी मनात त्यांच्यावर फुली मारली.

पुढच्या रविवारी ते परत आले. समासात पेन्सिलीने एकच प्रश्न लिहिला होता: अभ्यास संपल्यावर माझ्या रक्ताचं काय करणार?

मी पान उलटून पाहिलं. ‘नमुने सुरक्षित ठेवले जातील’, एवढंच. किती वर्षं, कोणाकडे, नको वाटलं तर परत मागता येईल का, काहीच नाही. माझ्या कागदात नव्हतं, मला ठाऊकही नव्हतं. बाई माझ्याकडे बघत होत्या, मदतीला येत नव्हत्या. “आत्ता उत्तर नाही माझ्याकडे,” म्हटलं. आजोबांनी मान डोलावली आणि बाही वर केली, नुसता रक्तदाब बघ म्हणून.

सोमवारी पाचवी आवृत्ती समितीकडे गेली. मंजुरीला आणखी तीन आठवडे लागले. ते तिन्ही रविवार आम्ही सह्यांचे कागद गाडीतच ठेवून चर्चबाहेर रक्तदाब मोजत बसलो.